एक पावसाळा, एक संक्रांत: ड्युटीवरच्या चाकूचा अनुभव

पोलिसाला सरकारकडून लाठी मिळते, हेल्मेट मिळतं, दंगा काबूची ढाल मिळते, चाकू काही मिळत नाही. आणि ड्युटीत कापायला तर रोज काहीतरी असतंच, कुठं तुटून लोंबणाऱ्या फ्लेक्सची दोरी, कुठं गुटख्याच्या गोण्या, कुठं आपटलेल्या गाडीतला सीटबेल्ट. मग कुणी दाढीचं ब्लेड कागदात गुंडाळून पाकिटात ठेवतं, कुणी मुद्देमाल कारकुनाचं कटर उचलून नेतं आणि परत देत नाही (भांडणं होतात यावरून, खरंच). मी पण पोलीसच, पदरचे पैसे घालून व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा रेस्क्यूटूल नावाचा मिटणारा चाकू घेतला. किंमत ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात मिक्सर आला असता. आला असता, नाही म्हणत नाही. पण आता पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत पण झाली, तर जे वाटलं ते लिहितो.

आधी कायद्याचं बोलू, कारण दुकानात जायच्या आधी ते डोक्यात पाहिजे आणि आपल्यातल्याच बऱ्याच जणांच्या डोक्यात ते अर्धवट आहे. व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो की नऊ इंचांपर्यंत चाकू कायदेशीर, बिनधास्त बाळगा. हे नऊ इंच आले कुठून तर शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतून. तिथं तलवार, खंजीर, भाले, कुकरी वगैरे धारदार हत्यारांचा प्रवर्ग आहे, त्यात पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असं माप दिलंय, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलीत. म्हणजे उसाचा कोयता फडात असेल तर ते अवजार, आणि तोच कोयता रात्री दोन वाजता बाइकवर शर्टाच्या आत असेल तर काय, हे पुण्यात ड्युटी केलेल्याला सांगायला नको.

पण खरी मेख पुढं आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७(१). आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात, आपल्या नोटीस बोर्डावर एक उतरतो की दुसरा लागतो, सण, निवडणूक, मोर्चे, काही ना काही चालूच असतं. त्या आदेशात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या असं सगळं येतं आणि तिथं इंचाचा हिशोबच नाही! सुरा म्हणजे सुरा. मोडला तर कलम १३५, वर्षापर्यंत कैद, आणि खास कारण नोंदवल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही. म्हणून तर आपण पोरं पकडतो तेव्हा फिर्यादीत शस्त्र अधिनियमाच्या कलम ४/२५ च्या शेजारी ३७(१), १३५ लावतोच लावतो. तेव्हा नऊ इंचांचा मेसेज पुढं ढकलणाऱ्या भाचे-पुतण्यांना हे एकदा नीट समजावून सांगा.

आणि आपलं काय? शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधे लोकसेवकाला कर्तव्य बजावताना सूट आहे, मनाई आदेशात पण साधारण तशी ओळ असते. पण शब्द बघा, कर्तव्य बजावताना. साप्ताहिक सुट्टीला गावच्या जत्रेत मित्रांबरोबर फिरताना कमरेला चाकू लावलाय तर ते कसलं कर्तव्य? तिथं कुणाशी बाचाबाची झाली आणि कुणी मोबाइल काढून शूट केलं तर वर्दी वाचवायला येणार नाही, उलट तीच जास्त नडेल. मी ड्युटी संपली की चाकू कपाटात ठेवतो. आरोपी आणायला बाहेरच्या राज्यात जायचं असेल तर नेतच नाही. दिल्लीत तर १९८० पासूनचं वेगळं नोटिफिकेशन आहे, त्यात येतात बटनदार, गरारीदार किंवा तसल्याच मेकॅनिकल खटक्यानं उघडणारे-मिटणारे चाकू, पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ किंवा जास्त रुंद. आपला चाकू त्यात बसतो की नाही हा वाद तिथल्या हवालदाराशी रेल्वे स्टेशनवर उभं राहून कोण घालणार. विमानानं जायचं असेल तर केबिन बॅगेत तसाही चालत नाही.

आता निवड. गुन्हे प्रकटीकरणात असताना इतके रामपुरी, चॉपर, गुप्त्या जप्त केल्या आणि पंचनाम्यात लिहिल्या (एकूण लांबी अमुक, पात्याची लांबी तमुक, मुठीची लांबी, मधोमध रुंदी) की माझी एक सवयच झाली, कुठलाही चाकू दिसला की मनात त्याचा पंचनामा सुरू होतो. चाकू घेताना मी हेच केलं आणि तुम्हालाही हेच सांगीन. उद्या तुमचाच चाकू कुणी टेबलावर ठेवून पंचांसमोर वर्णन केलं तर कागदावर ते कसं वाचलं जाईल? "काळ्या रंगाचा, दोन्ही बाजूंनी धार असलेला, टोकदार" असं वाचलं जाणार असेल तर तो चाकू पोलिसाच्या कामाचा नाही, मग स्टील कितीही भारी असू दे. आणि "पिवळ्या मुठीचा, सीटबेल्ट कापण्याचं हूक, काच कापण्याची करवत" असं वाचलं तर वाचणाऱ्याला लगेच कळतं हे कशासाठी आहे. ऑनलाइन टॅक्टिकल नावानं जे विकतात, कवटीचं चित्र, काळं पातं, त्याचा तर विचारच नको. तसला एक मला भाच्यानं वाढदिवसाला दिला होता, कंपनीचं नाव पण धड नव्हतं त्यावर. चार गोण्या कापल्यावर त्याचं लॉक ढिलं झालं आणि पातं बोटाकडं मिटायला लागलं. फोल्डिंग घ्यायचा तर लॉक पक्कं पाहिजे, यात तडजोड नाही.

रेस्क्यूटूलची रचना सांगतो. मिटलेला १११ मिलिमीटर, म्हणजे तळहातात भरतो. मुख्य पातं साधारण साडेतीन इंचांच्या आतलं, एका हातानं उघडतं, उघडलं की लॉक होतं, धार अर्धी साधी आणि अर्धी दातेरी. त्याशिवाय सीटबेल्टचं हूक, काच फोडायचा टोकदार खिळा, लॅमिनेटेड काच कापायची करवत, जाड स्क्रूड्रायव्हर आणि बाकी नेहमीचं किडूकमिडूक. मूठ अंधारात हलकी चमकते, रात्री गाडीत सीटखाली गेला तर सापडतो, हे मला आधी नखरा वाटलं होतं पण घाटात लाईट नसताना फार कामाला येतं.

माझं ठाणं हायवेला लागून आहे, ११२ या आपत्कालीन नंबरवरचे निम्मे कॉल अपघाताचे. सीटबेल्ट कापायला हूकच वापरा, पातं नको, कारण माणूस आत अडकून हलत असतो आणि तुमचा हात पण स्थिर नसतो. पट्टा ताणून धरायचा, खांद्याजवळ तिरकं हूक घालायचं आणि एका झटक्यात ओढायचं. कापायच्या आधी माणसाला कुणीतरी आधार देऊन ठेवा, गाडी उलटी असेल तर पट्टा तुटला की तो डोक्यावर पडतो. काचेचं गणित वेगळं. बाजूच्या काचा बहुतेक टफन्ड असतात, खालच्या कोपऱ्यात खिळा मारला की चुरा होतो, मधोमध मारत बसू नका. पुढची काच लॅमिनेटेड, तिला नुसती भोकं पडतात, चुरा होत नाही, मग त्या भोकातून करवत घालून कापावी लागते. वेळ लागतो आणि बारीक काचेची धूळ उडते, डोळ्याला गॉगल आणि तोंडाला रुमाल पाहिजेच. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले ते आठवा, जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आलेले. तेव्हापासून मला वाटतं की काच फोडायचं काहीतरी ११२ च्या प्रत्येक गाडीत असायला पाहिजे, चाकू नसला तर नसू दे.

दुसरं काम सांगायला जड आहे पण पोलीस वाचत असतील म्हणून सांगतो. गळफासाचा कॉल. जीव आहे अशी जरा जरी शंका असेल तर एकानं पाय धरून उचलायचं आणि दुसऱ्यानं मिळेल तिथं कापायचं, पुराव्याचा विचार नंतर. पण माणूस गेलेला आहे हे नक्की असेल, तर घाई नको, फोटो होऊ द्या, आणि गाठ कधीही कापायची नाही, सोडायची पण नाही. गाठीपासून लांब कापायचं आणि कापलेली दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधून खूण करायची, म्हणजे डॉक्टरला कळतं मूळ टोक कुठलं आणि आपण कापलेलं कुठलं. नवीन पोरं नेमकी गाठीवरच पातं चालवतात. नायलॉनच्या दोरीला दातेरी धार लगेच लागते, साध्या धारेनं घासत बसावं लागतं, सुती ओढणीला मात्र साधी धार बरी. काम झालं की पातं स्वच्छ करायचंच, आणि मुद्देमालाची पाकिटं ह्या चाकूनं उघडायची नाहीत, त्याला वेगळं कटर. कोर्टात वकील विचारतो, साहेब कशानं कापलं, त्याच पात्यानं आधी काय कापलं होतं? उत्तर तयार पाहिजे.

संक्रांतीला नायलॉन मांजा. २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची देशभर बंदी आहे तरी दर जानेवारीत गळे कापले जातात. पुलावर बाइकवाल्याच्या हेल्मेटला आणि चाकाला गुंडाळलेला मांजा काढायला दातेरी भाग एक नंबर. हातानं ओढू नका, बोट जातं. झाडात अडकलेल्या घारीच्या पंखातून मांजा सोडवताना मात्र मला हा चाकू मोठा वाटला, तिथं छोटी कात्रीच पाहिजे.

ठेवायचा कुठं? त्याला खिशाची क्लिप नाही, नायलॉनचं पाऊच मिळतं, पट्ट्यावर लावतो. वर्दीवर परेडला, बंदोबस्ताला साहेबांसमोर ते पाऊच दिसलेलं चालत नाही, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डमधे. आणि लॉकअपला किंवा कैदी पार्टीला (म्हणजे कैद्यांची ने-आण करायला) जाताना चाकू अंगावर अजिबात नाही, ठाणे अंमलदाराकडं देऊन जायचं. आरोपीला बेड्या घालताना तुमची कंबर त्याच्या हाताशी असते हे विसरू नका. ह्या एका कारणासाठीच कमरेला भला मोठा फिक्स्ड ब्लेड लावून फिरणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही. गर्दीत झोंबाझोंबी झाली की तो तुमचा राहत नाही. स्वसंरक्षणासाठी चाकू घ्यायचा म्हणणाऱ्यांना पण एवढंच, आपल्याला लाठी शिकवलीय, पिस्तूल शिकवलंय, चाकू चालवायला कुणी शिकवलेलं नाही.

देखभाल फारशी नाही. पावसाळ्यात भिजला की सगळी पाती उघडून पुसायची, सांध्यात एखाद थेंब शिलाई मशीनचं तेल. चिखल अडकला तर कोमट पाण्यात उघडझाप करायची. साधी धार घरच्या बारीक दगडावर निघते, दातेरीला गोल कानस लागते आणि तिला हात सवयीचा पाहिजे, रस्त्यावरच्या सायकलवाल्या धारवाल्याला देऊ नका, तो फिरत्या चाकावर दाते सपाट करून देईल. काचेची करवत आणि खिळा झिजले तर बदलता येतात, मला अजून गरज पडलेली नाही.

शहरात वाहतुकीला किंवा ऑफिसला असाल तर एवढा महाग घेऊ नका, साधं सीटबेल्ट कटर आणि काच फोडायचा हातोडा जोडीत मिळतो तेवढा पुरे. हायवेला, घाटाला, नदीकाठच्या ठाण्याला असाल तर घ्या. मुठीवर आपला बक्कल नंबर (पोलिसाचा बिल्ला क्रमांक) टाकून ठेवा, नाहीतर मुद्देमाल कारकून कटरच्या बदल्यात हाच उचलून नेईल.