ला रांब्ला की इस्तिकलाल?

मैत्रिणीला एकाच शहराची सुट्टी मिळणार आहे: बार्सिलोना किंवा इस्तंबूल. दोन्हीकडचा एकेक रस्ता तिच्या मनात घर करून बसलाय.

लांबी जवळपास सारखीच. बार्सिलोनाचा ला रांब्ला सुमारे १.२ किमी, इस्तंबूलचा इस्तिकलाल १.४ किमी.

पायांना रांब्ला सोपा. कातालुन्या चौकातून निघालात की हलका उतार थेट बंदरापर्यंत नेतो. मुळात हा ओढ्याचाच मार्ग, त्यामुळे उतार असणारच! वाटेत बोकेरिया मंडई, पायाखाली चित्रकार मिरोचं मोझेक (बरेच जण न बघताच त्यावरून चालतात), मग १८४७चं लिसेऊ ऑपेरागृह. इस्तिकलालला खालच्या काराकॉय भागातून चालत जायचं तर चांगलीच चढण, पण १८७५ पासून धावणारी ट्युनेल ही छोटी भुयारी रेल्वे ती वाचवते. पुढे रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या टकसीम चौकापर्यंत लाल ट्राम आहे, तरी चालाच. खरी मजा चिचेक पसाजसारख्या आडव्या वाटांत आहे.

गर्दी दोन्हीकडे. रांब्लावर पाकीटमारांपासून जास्त जपा.

आईवडील सोबत असतील आणि हाती एकच सकाळ असेल तर रांब्ला. संध्याकाळ मोकळी असेल, गल्लीबोळांत भरकटायची हौस असेल तर इस्तिकलाल. मी इस्तिकलालच निवडेन.