कॅड आणि कोडिंगसाठी एकच लॅपटॉप: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

आधी कॉन्फिगरेशन. रायझन ७ ७८४०एचएस प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड (८ जीबी), १६ जीबी डीडीआर५ रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १६ इंची २५६० बाय १६०० स्क्रीन, २३० वॅटचा चार्जर. काम सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड (ही कॅड, म्हणजे संगणकावर डिझाइन करण्याची सॉफ्टवेअर) आणि डब्ल्यूएसएल-२ मध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवण्याचं साधन), पायथन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. खालचं बहुतेक सगळं अशा कुठल्याही लॅपटॉपला लागू पडतं.

सॉलिडवर्क्समध्ये पार्ट रिबिल्ड होताना (बदल केल्यावर मॉडेल पुन्हा उभं राहताना) जवळपास सगळा भार एकाच कोअरवर येतो, कारण प्रत्येक फीचर आधीच्या फीचरवर उभं असतं. टास्क मॅनेजर सीपीयू जेमतेम ७-८ टक्के दाखवतो (१६ थ्रेडपैकी एक म्हणजे सव्वासहा टक्के) आणि तरी कर्सर गोल फिरत बसतो. त्यामुळे महागडं ग्राफिक कार्ड घेऊन रिबिल्ड पळत नाही. कार्डाचा उपयोग मोठी असेंब्ली (अनेक पार्टची जोडणी) फिरवताना आणि रेंडरला. आरटीएक्स ४०६० सारख्या जीफोर्स कार्डांवर रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं झळाळतं दाखवणारी सोय) मिळत नाही, त्याला वर्कस्टेशन कार्ड लागतं. शीट मेटल, जिग-फिक्श्चरवाल्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

कार्डाच्या नावावर मात्र भुलू नका. ४०६० हे ३५ वॅटचंही असतं आणि ११५ वॅटचंही. स्टिकर दोन्हीवर तोच. डेमो मशीनवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवर बघून घ्या. आणि असेंब्ली अडखळत असेल तर कार्डाला दोष देण्याआधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधलं ग्राफिक्स उघडा. सॉलिडवर्क्स बऱ्याचदा प्रोसेसरच्या आतल्या रेडिऑन ग्राफिक्सवरच चालू असतं. तिथे 'हाय परफॉर्मन्स' निवडा.

रॅम १६ जीबी पुरली नाही. डब्ल्यूएसएल-२ आपणहून निम्म्या रॅमपर्यंत हक्क सांगतं. कॅड सोबत उघडलं की रॅममध्ये न मावणारं सगळं डिस्कवर स्वॅप होऊ लागतं आणि मशीन मंदावतं. शिवाय कंपनीने एकच स्टिक लावलेली, म्हणजे सिंगल चॅनल, दोन स्टिकपेक्षा मंद. दुसरी १६ जीबीची टाकली आणि डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये १० जीबीची मर्यादा घातली, मग दोन्ही सुखाने नांदतात. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर हा मार्गच बंद, म्हणून घेतानाच विचारा. कोड सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवू नका, फाइल वाचणं फार मंदावतं. तो लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच हवा. डॉकर इमेज उडवल्या तरी व्हर्च्युअल डिस्कची फाइल आकसत नाही. डब्ल्यूएसएल बंद करून विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडने ती कॉम्पॅक्ट करावी लागते. ५१२ जीबी भरते ती अशी. १ टीबी घ्या.

एप्रिल-मेमध्ये खरी परीक्षा. खोलीच ३८-४० अंशांवर असेल तर पंखे कितीही ओरडले तरी प्रोसेसर तापून वेग उतरवतो. मागची बाजू तीनेक सेंटीमीटर उचलून ठेवा. नुसतं कोडिंग असेल तेव्हा पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. बूस्ट (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद होऊन वेग ३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास थांबतो आणि आवाज एकदम निवतो. कॅड उघडण्याआधी मात्र परत १०० करायला विसरू नका, नाहीतर रिबिल्ड रेंगाळेल.

६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवर कोडिंग निभतं. कॅडला तो पुरत नाही, चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. वीज गेल्यावर बॅटरीवर कार्डही अंग चोरतं, तेव्हा मोठा रेंडर लाइट आल्यावरच लावा.

स्क्रीन सुरेख, पण १५० टक्के स्केलिंगवर जुन्या प्लगइनच्या खिडक्यांमधली बटणं कापली जातात. त्या प्रोग्रॅमच्या कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये हाय डीपीआय 'सिस्टिम एन्हान्स्ड' केलं की बहुतेक वेळा सुटतं. आणि दाबता येईल अशा चाकाचा माउस बजेटमध्ये धराच, टचपॅडवर मॉडेल फिरवणं हे काम नव्हे.