प्रयोगाच्या नोंदी: बांधीव वही की इलेक्ट्रॉनिक नोंदवही?

खारघरहून भाचीचा फोन आला. पीएचडीचं पहिलंच वर्ष. "मामा, नोंदी कशात ठेवू?"

खर्चाचा प्रश्न लगेच सुटतो. पानांवर क्रमांक असलेली बांधीव वही स्वस्तात मिळते. ईलॅबएफटीडब्ल्यू हे इलेक्ट्रॉनिक नोंदवहीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअरही फुकट आहे, पण सर्व्हर आणि बॅकअप सांभाळायला माणूस लागतो.

टिकण्याच्या बाबतीत वहीला जपावं लागतं. इथेनॉलचा थेंब पडला की बऱ्याच पेनांची शाई फुटते. मशीनमधून निघालेली थर्मल कागदाची (एटीएमच्या पावतीसारखी) चिठ्ठी काही वर्षांत पांढरी पडते, म्हणून चिकटवण्याआधी तिची झेरॉक्स काढायची.

खरा मुद्दा विश्वासाचा. वहीत चूक झाली तर व्हाइटनर नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही-तारीख. तरीही मागची तारीख टाकून लिहिणं वहीत शक्य असतं. अमेरिकेत तेरेझा इमानिशी-कारी या शास्त्रज्ञ महिलेवर खोट्या नोंदी केल्याचा आरोप झाला, तेव्हा त्यांच्या वह्या थेट सीक्रेट सर्व्हिस या सरकारी तपास यंत्रणेने तपासल्या. १९९६मध्ये इमानिशी-कारी निर्दोष ठरल्या, पण तोवर उमेदीची वर्षं गेली होती. चांगल्या इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत कोणी, कधी, काय बदललं हे आपोआप नोंदलं जातं. साधी एक्सेल शीट मात्र ती जागा घेऊ शकत नाही. तिथला आकडा बदलला तर सहसा मागमूस राहत नाही.

एकट्याने, ओल्या हातांनी बेंचवर काम असेल तर वही घ्या आणि दर आठवड्याला गाइडची सही. डेटा मशीनमधून येत असेल, चार जण मिळून काम करत असतील, तर इलेक्ट्रॉनिक. भाचीला मी तेच सुचवलं.