दहा इंची टेबल सॉ: नऊ महिने वापरल्यावर

माझ्या वडिलांच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही. तेव्हा चिपळूणच्या आमच्या शेडमध्ये टेबल सॉ म्हणजे जाड प्लायचं टेबल आणि त्याला खालून उलटा कसलेला हातकटर. कटरचा खटका सुतळीने बांधलेला असायचा आणि चालू-बंद भिंतीवरच्या बटणावरून. जुलैच्या दिवसांत लाईट गेली, पातं थांबलं. बाबा पात्याजवळ अडकलेली चिपाटी हाताने काढायला गेले आणि लाईट आली. भिंतीवरचं बटण चालूच राहिलेलं होतं.

म्हणून गेल्या वर्षी पोर्टेबल टेबल सॉ घ्यायचं ठरलं तेव्हा मी मोटर किती वॅटची, फळी किती रुंद बसते हे नंतर पाहिलं. आधी पाहिलं ते हे, की रोज सकाळी काम सुरू करण्याआधी हे मशीन तपासून घेणं सोपं आहे का. ज्या मशीनची तपासणी किचकट, तिथे ती आठ दिवसांत बंद पडते. कारागीर आळशी असतो म्हणून नाही, दारावर गिऱ्हाईक चौकटीसाठी उभं असतं म्हणून.

मशीन दहा इंची पात्याचं, अठराशे वॅटचं, मिनिटाला सुमारे ४३०० फेरे. हिशेब करून पाहा: २५४ मिलिमीटर व्यासाच्या पात्याचा दाता या वेगात ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळतो. या वेगाला हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. जे करायचं ते प्लग लावायच्या आधी.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पात्यामागची पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ही पात्याबरोबर वरखाली होते, पातं कलतं केलं की तीही कलते. चिरलेली फळी मागे आवळून पात्याला धरू नये म्हणून ती असते. आमच्याकडे ऐन, किंजळ पुरतं वाळलेलं क्वचितच मिळतं, आणि ओलं लाकूड चिरलं की त्याच्या आतला ताण सुटून दोन्ही बाजू मिटतात. पट्टी नसेल तर पातं ती फळी उचलून सरळ तुमच्या पोटावर फेकतं. सप्टेंबरमध्ये ऐनाची सहा फुटी फळी अशीच मिटली. मोटर गुरगुरली, मी बटण दाबलं, फळी जागेवरच राहिली. उलट्या कटरवर ती मागच्या भिंतीपर्यंत गेली असती.

या पट्टीवर जाडी कोरलेली असते, ती वाचा. आमची २.२ मिलिमीटर. पात्याच्या पत्र्यापेक्षा ती जाड हवी आणि दात्यांच्या रुंदीपेक्षा बारीक. मी बाजारातून बारीक काप देणारं पातं आणलं होतं, त्याचा काप दोन मिलिमीटरच. फळी पात्यातून गेली आणि पट्टीवर अडकली. पातं परत दिलं. त्याच फेरीत कळलं की मधल्या भोकाचं मापही बघून घ्यावं लागतं: आमच्या मशीनला ३० मिलिमीटरचं भोक लागतं आणि दुकानात २५.४ चीही पाती असतात. पात्यावर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा, हे तर सांगायलाच नको.

पात्यावरचं झाकण म्हणजे गार्ड आणि मागे उसळणारं लाकूड धरणारे दाते, दोन्ही हातानेच निघतात आणि बसतात, पाना लागत नाही. ही गोष्ट छोटी वाटेल, पण पान्याने काढावा लागणारा गार्ड एकदा निघाला की कोपऱ्यात भुशाखाली जातो, असे किती गार्ड मी लोकांच्या शेडमध्ये पाहिलेत. आमचा गार्ड खाचा पाडताना काढतो आणि लगेच परत लावतो. तक्रार इतकीच की ते दाते सनमायकावर ओरखडे पाडतात. सनमायका लावलेला प्लाय कापताना फक्त दाते वर अडकवतो, गार्ड खालीच ठेवतो.

आता खटकलेल्या गोष्टी. खोक्यातून काढल्या काढल्या फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची सरळ आडपट्टी, मागच्या टोकाला पात्याकडे जवळजवळ एक मिलिमीटर मिटलेली होती. हा सगळ्यात वाईट दोष, कारण फळी फेन्स आणि पात्याच्या मागच्या दात्यांत चेपली जाते आणि उसळते. प्लग काढून पातं पूर्ण वर करा, एका दात्यावर पेन्सिलीने खूण करा, तो दाता पुढे असताना टेबलाच्या खाचेपासून अंतर मोजा, मग पातं हाताने फिरवून तोच दाता मागे आणून परत मोजा. दोन्ही मापं सारखी आली की फेन्सही त्याच खाचेपासून पुढे-मागे मोजा. मागे केसभर उघडी चालेल, मिटलेली कधीच नाही. आमची दोन स्क्रू ढिले करून सरळ झाली आणि नंतर हलली नाही. पात्याभोवतीची झाकणपट्टीही टेबलापेक्षा खाली बसलेली होती. बारीक पट्टी त्या खड्ड्यात अडून वळते. चार कोपऱ्यांच्या स्क्रूंनी ती समपातळीत आणली. माइटर गेज, म्हणजे आडव्या कापाला फळी धरून खाचेतून ढकलायचा सरकता टेकू, मात्र खाचेत डुलतंच, आडव्या कापासाठी मी स्वतःची लाकडी घसरगाडी बनवली.

भुशाची पिशवी निकामी आहे. जाड भुसा धरते, बारीक धूळ हवेत सोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलेली आहे. मशीनच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी लावतो आणि मास्क घालतो. बाबा आयुष्यभर नाकाला फडकं बांधून काम करत आले, त्यांचा खोकला रात्री ऐकू येतो.

पुतण्या आता काम शिकतोय. रोज तो प्लग काढून ठेवतो, पातं हाताने फिरवून प्रत्येक दाता बघतो (दात्याच्या टोकावरच्या कठीण कार्बाइडचा एक तुकडा उडालेला असला तरी पातं बदलायचं), नट घट्ट आहे का बघतो, गुण्या लावून काटकोन बघतो, पातं लाकडाच्या वर जेमतेम दात्याएवढं ठेवतो. जुनी वाशाची लाकडं असतील तर लोहचुंबक फिरवून खिळे शोधतो. बाह्या दुमडलेल्या, मनगटावर गंडा-राखी काही नाही, हातमोजे तर मुळीच नाहीत, कारण दाता मोज्याला धरतो आणि हात आत ओढतो. चष्मा, कानात बोळे, ढकलायची काठी उजव्या हाताशी. उभं राहायचं पात्याच्या रेषेच्या डावीकडे. मशीन साथ देतं म्हणून हे सगळं पाच मिनिटांत होतं.

वायर तेवढी बदलून घ्या. पातळ एक्स्टेन्शनवर मोटर तापते आणि जाड लाकडात पातं अडखळतं. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, सोळा अँपियरचा सॉकेट आणि अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत गेलेलं असू द्या.

राहिला खटका, ज्यासाठी मी पन्नास हजारांच्या वर मोजले. मोठ्या लाल झडपेचा, गुडघ्यानेही बंद होतो. लाईट गेली की तो आपोआप सुटतो आणि लाईट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय पातं फिरत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून चारदा लाईट जाते, नऊ महिन्यांत एकदाही ते आपणहून सुरू झालं नाही. बाबांना मी हे पहिल्याच दिवशी करून दाखवलं. त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः प्लग काढून परत लावला, तीन वेळा.

तुम्हीही दुकानात हेच करायला सांगा. टेबल मोकळं, गार्ड खाली, सगळे बाजूला. मशीन चालू करायचं, चालू असताना भिंतीचं बटण बंद करायचं, पातं पूर्ण थांबू द्यायचं, मग बटण परत चालू करायचं. पातं फिरलं तर ते मशीन घेऊ नका.