श्रीलंकेतील शांतिसेना: थांबणे की परतणे?

२९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानुसार श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेने तेथे थांबावे, या मताला एक खरा आधार होता: सैन्य निघाले असते तर तमिळ नागरिकांना दिलेली हमी वाऱ्यावर सुटली असती. पण ज्या ‘वाघां’ना, म्हणजे एलटीटीई या सशस्त्र तमिळ बंडखोर संघटनेला, निःशस्त्र करायचे, त्यांच्याशीच ऑक्टोबरमध्ये लढाई जुंपली आणि १९९० पर्यंत सुमारे १,२०० जवान कामी आले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागल्यावरही हल्लेखोराची रायफल हिसकावून लढले. त्या शौर्यापुढे मान झुकते, मात्र त्यामुळे मोहीम योग्य ठरत नाही. १९८९ मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच सैन्य परत नेण्यास सांगितल्यावर माघार हाच मला रास्त मार्ग वाटतो, जरी जून १९९० मध्ये तेथे सरकार आणि ‘वाघ’ यांच्यात युद्ध पुन्हा पेटले आणि त्याची झळ सामान्य तमिळ कुटुंबांनाच बसली.