वेबफ्लो: डीटीपीवाल्या हाताला बसतं, गिऱ्हाइकाच्या हाती देताना विचार करावा लागतो

जळगावात छपाई आणि डीटीपीचं काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून हल्ली एकच विचारणा होते: ताई, कोरल येतं, फोटोशॉप येतं, कोडिंग येत नाही, वेबसाईट बनवायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? मीही लग्नपत्रिका, हँडबिलं आणि बिलबुकं करत करतच वेबसाईटकडे आले. विक्स, एलिमेंटर, पाइनग्रो ही सगळी हाताळली आणि सध्या सगळ्यात जास्त काम वेबफ्लोवर करते. म्हणून हे परीक्षण मुख्यतः वेबफ्लोचं आहे, बाकीच्यांबद्दल लागेल तेवढंच.

निकाल आधीच सांगते. ज्याला साईटी बनवून देण्याचा धंदा करायचा आहे, त्याने वेबफ्लो शिकावंच. ज्याला फक्त आपल्या दुकानाची एक साईट हवी आहे आणि ती स्वतःच चालवायची आहे, त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

कागदाचं पान ठरलेलं असतं. ए-फोरवर मजकूर जिथे ठेवला तिथेच छापून येतो. वेबच्या पानाची रुंदी मात्र वाचणाऱ्याच्या हातातला मोबाईल ठरवतो. विक्सच्या जुन्या एडिटरमध्ये चित्र उचलून हवं तिथे ठेवता येतं, आणि कोरलची सवय असलेल्या माणसाला पहिल्या तासात ते फार आवडतं. वेबफ्लो तसं करू देत नाही. तिथे आधी चौकट टाकायची, चौकटीत दुसरी चौकट, मग तिच्यात मजकूर किंवा फोटो. ती चौकट शेजारच्या चौकटीपासून किती लांब राहील, आतून किती मोकळी असेल, एका ओळीत बसेल की खाली उतरेल, हे सगळं उजव्या पट्टीत ठरवायचं. मार्जिन, पॅडिंग, फ्लेक्स, ग्रिड ही नावं तिथे जशीच्या तशी आहेत, कारण ती सीएसएसचीच, म्हणजे वेबचं पान कसं दिसेल ते ठरवणाऱ्या भाषेचीच नावं आहेत. सुरुवातीला हात अडतो. पण इथे शिकलेलं उद्या दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी चालतं. २०१३ साली आलेल्या या सॉफ्टवेअरची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच: ते वेबचं खरं रूप लपवत नाही.

ज्यांनी इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ स्टाईल वापरली आहे, त्यांना क्लास, म्हणजे दिसण्याच्या ठरावीक नियमांना दिलेलं नाव, लगेच कळेल. मथळ्याला एक क्लास दिला की साईटभर त्या क्लासचे सगळे मथळे एकाच जागेवरून बदलतात. एखादाच मथळा वेगळा हवा असेल तर त्यावर कॉम्बो क्लास चढवायचा. क्लासची नावं नीट द्या. ‘डिव्ह ब्लॉक ४७’ अशी आपोआप पडलेली नावं तशीच ठेवली, तर सहा महिन्यांनी साईट उघडल्यावर काय कुठे आहे ते कळत नाही.

रावेरकडच्या एका केळी रोपवाटिकेचं काम मी यात केलं. टिश्यू कल्चर रोपांची माहिती, मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागण हंगामांची आगाऊ नोंदणी, फोन नंबर आणि नकाशा, एवढंच हवं होतं. मालकांची अट एकच होती: “ताई, मोबाईलवर चांगलं दिसाले पाह्यजे.” शेतकरी बांधावर उभा राहून, डोक्यावर ऊन असताना साईट उघडणार, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलेलं होतं. वेबफ्लोमध्ये टॅबलेट ९९१ पिक्सेलपासून खाली, आडवा मोबाईल ७६७ पासून आणि उभा मोबाईल ४७८ पासून खाली असे टप्पे आधीच तयार मिळतात. मोठ्या पडद्यावर केलेले बदल खाली मोबाईलपर्यंत उतरतात; मोबाईलवर केलेला बदल वर चढत नाही. त्यामुळे मोबाईलसाठी अक्षर वाढवलं, बटण रुंद केलं, तरी कॉम्प्युटरवरचं पान बिघडत नाही. ही रचना एकदा डोक्यात बसली की काम भराभर होतं. नोंदणीसाठी लांबलचक फॉर्म ठेवण्याऐवजी मी फोनचं आणि व्हॉट्सॲपचं अशी दोन मोठी बटणं खाली कायम दिसतील अशी लावली. आपल्याकडचा शेतकरी फॉर्म भरत बसत नाही, थेट फोन लावतो.

आता मराठीबद्दल, कारण परदेशी परीक्षणांत हा भाग कधीच नसतो आणि आपलं निम्मं काम इथेच असतं.

वेबफ्लोचेच नव्हे, सगळ्याच सॉफ्टवेअरचे तयार टेम्प्लेट रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. त्यांच्या मथळ्यांत आणि मेनूत बऱ्याचदा अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते डौलदार दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द फुटलेला दिसतो. म्हणून टेम्प्लेट घेतल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक मथळ्याचं लेटर स्पेसिंग शून्यावर आणणं. दुसरं काम ओळींमधल्या अंतराचं. मोठ्या मथळ्यांना टेम्प्लेटमध्ये १.१ किंवा १.२ असं घट्ट अंतर असतं. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात घुसतो. मथळ्याला मी १.४ च्या खाली जात नाही आणि मजकुराला १.६ च्या आसपास ठेवते. ग्राहकांच्या अभिप्रायाला टेम्प्लेटमध्ये इटालिक दिलेलं असतं, तेही काढून टाका. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना खरं इटालिक नसतंच. ब्राउझर सरळ अक्षर नुसतं तिरकं करतो आणि ते कुरूप दिसतं.

फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर गुपचूप यंत्रातला फॉन्ट घेतो. विंडोजवर तो निर्मला असतो, बहुतेक अँड्रॉइड मोबाईलवर नोटो. म्हणजे तुम्ही दुकानात बसून पाहिलेलं पान आणि शेतकऱ्याने पाहिलेलं पान वेगळं. हे टाळायला फॉन्ट स्वतः निवडून साईटवर चढवावा. मुक्त आणि बलू हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट, शिवाय हिंद आणि पॉपिन्स, हे सगळे फुकट आहेत आणि त्यांत देवनागरी आहे. मला मजकुरासाठी मुक्त सगळ्यात जास्त पसंत आहे. छोट्या आकारातही त्याच्या जोडाक्षरांचा गोळा होत नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाईल रोमनपेक्षा जड असते, तेव्हा सगळी वजनं (अक्षराच्या जाडीचे प्रकार) चढवू नका. साधं आणि ठळक, दोन पुरेत.

फॉन्ट पारखायला मी ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द टाकून बघते. त्यात श आहे, ऱ्य आहे, वर अनुस्वार आहे. जिथे ऱ्याच्या जागी भलतंच काही दिसतं, तो फॉन्ट मराठी साईटच्या कामाचा नाही. साईटच्या सेटिंगमध्ये भाषेचा कोड देण्याची जागा असते, तिथे मराठीचा कोड टाकायला विसरू नका. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही फॉन्टांत दोन्ही भरलेली असतात, आणि पान मराठी आहे हे सांगितलं तरच आपली वळणं उमटतात. अंध माणसांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हाच कोड लागतो.

छपाईवाल्यांसाठी आणखी एक. गिऱ्हाइकाचा जुना मजकूर आपल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांमध्ये पडलेला असतो. तो तसाच वेबवर चिकटवला तर नुसतं गिचमीड दिसतं. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर माणसाने एकदा वाचा. रफार आणि ऱ्य हटकून चुकतात.

पैशांकडे वळते. वेबफ्लो फुकट शिकता येतं. त्यांच्या वेबफ्लो युनिव्हर्सिटीवरचे व्हिडिओ धडे इंग्रजीत आहेत, पण इतके नीट केलेले की पडद्यावर बघूनही बरंच कळतं. फुकट साईटला पानांची मर्यादा आहे आणि पत्ता त्यांच्या नावाचा मिळतो. स्वतःचं डोमेन (साईटचा आपल्या नावाचा पत्ता) जोडायचं तर त्या प्रत्येक साईटसाठी वेगळा प्लॅन, तोही डॉलरमध्ये. साध्यातला साधाही महिन्याला दहा डॉलरच्या वर जातो. चोपड्याच्या किंवा पारोळ्याच्या दुकानदाराला हा खर्च दर वर्षी पटवून देणं अवघड आहे, आणि मला ते योग्यही वाटत नाही.

यावर तोड म्हणजे कोड एक्स्पोर्ट. तुमच्या स्वतःच्या कामाच्या खात्याचा पैसे भरलेला प्लॅन असेल तर साईटचं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि चित्रं झिप फाईलमध्ये उतरवून घेता येतात आणि कुठल्याही स्वस्त होस्टिंगवर (साईट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) ठेवता येतात. पाच-सात पानांच्या न बदलणाऱ्या साईटला हे उत्तम. पण एक्स्पोर्ट केलेल्या साईटवर वेबफ्लोचे फॉर्म आणि आतला शोध चालत नाही, आणि सीएमएसमधली (सतत बदलणारा मजकूर साठवायच्या सोयीतली) माहिती त्या पानांत येत नाही. सीएमएसचा मजकूर वेगळा सीएसव्ही फाईलमध्ये मिळतो, एवढंच. म्हणजे वाणांची यादी, बातम्या, भाव असं सतत बदलणारं काही सीएमएसमध्ये ठेवलं की तुम्ही त्यांच्या होस्टिंगला बांधले गेलात. केळी रोपवाटिकेची वाणांची पानं मी म्हणूनच सीएमएसमध्ये न ठेवता साधी ठेवली.

साईट बाहेर काढता येते की नाही, हा प्रश्न मला रंगसंगतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. अडोबीचं म्यूज हे सॉफ्टवेअर आपल्यासारख्या छपाईवाल्यांसाठीच होतं, कोड न लिहिता इनडिझाइनसारखी साईट करायची. २०१८ मध्ये अडोबीने त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि मार्च २०२० मध्ये आधारही बंद केला. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून फुकट निघणाऱ्या एकपानी साईटी मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. विक्सची साईट तर दुसऱ्या होस्टिंगवर नेताच येत नाही, हे ते स्वतःच सांगतात. मोठी कंपनी आहे म्हणून सेवा कायम राहील असं धरून चालू नये.

मग दुकानदाराने काय घ्यावं? ज्याला भाव, फोटो, सूचना स्वतः बदलायच्या आहेत त्याला मी वर्डप्रेस सुचवते. २००३ पासून चालू आहे, मुक्त स्रोत आहे, स्वस्त होस्टिंगवर चालतं, आणि त्याची आतली पाटी (डॅशबोर्ड) मराठीत करता येते. ही शेवटची गोष्ट फार उपयोगाची आहे. रोजचं काम बघणारा पोरगा किंवा घरातली सून मराठी मेनू वाचून आत्मविश्वासाने बदल करते. एलिमेंटरने त्यात चित्र-मजकूर ओढून पान बांधता येतं, मात्र ते चौकटींवर चौकटी इतक्या चढवतं की पान जड होतं. साध्या साईटला वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर पुरतो. मराठी शीर्षक दिलं की पानाचा पत्ता तेवढा रोमनमध्ये हाताने लिहा, नाहीतर व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्केचिन्हांची लांबलचक माळ जाते.

पाइनग्रोबद्दल थोडं. हे आपल्या कॉम्प्युटरवर बसतं आणि साध्या एचटीएमएल फाईलीच उघडतं, स्वतःचा वेगळा साचा लादत नाही. वेबफ्लो पूर्ण ब्राउझरमध्ये चालतं. नेट गेलं की काम थांबलं. मे महिन्यात लाईट आणि राऊटर दोन्ही भरवशाचे नसतात, तेव्हा वेबफ्लोमधून एक्स्पोर्ट केलेली साईट मी लॅपटॉपच्या बॅटरीवर पाइनग्रोत उघडून दुरुस्त करते. दिसायला ते रुक्ष आहे आणि एचटीएमएलची ओळख नसेल तर जड जाईल. ती ओळख वेबफ्लोने करून दिलेली असते, म्हणून मी ही दोन्ही जोडीने वापरते.

पैसे भरण्याआधी फुकट खात्यावर एवढं करून बघा. तुमच्या गिऱ्हाइकाचाच एक खरा मजकूर घ्या, नमुन्याचा नको. एक पान बांधा, मुक्त फॉन्ट चढवा, लेटर स्पेसिंग शून्य करा आणि ते पान घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाईलवर, वाय-फाय बंद करून उघडा. पान उघडायला लागणारा वेळ आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ कसं दिसतं ते पाहा. हे जमलं तर पुढचं जमेल. आणि सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, डोमेन मात्र गिऱ्हाइकाच्या नावावर, गिऱ्हाइकाच्याच ई-मेलवर घ्या. माझ्याकडे आलेल्या एका दुकानदाराचं डोमेन आधीच्या साईटवाल्याने स्वतःच्या नावावर ठेवलं होतं. साईट नव्याने करणं सोपं गेलं. पत्ता परत मिळाला नाही, आणि त्याला सगळ्या पाट्या आणि पिशव्या पुन्हा छापाव्या लागल्या.