कौलांवरचे शेवाळ आणि लाकडी डेक: पुण्याच्या बाजारात कोणता फवारणी पंप घ्यावा

पावसाळा सरला की पुण्यात छपरे धुवायची कामे एकदम निघतात. कॅम्पातले जुने कौलारू बंगले, मुळशी-पानशेतकडच्या फार्महाउसचे लाकडी डेक, सोसायट्यांच्या पार्किंगवरचे पत्रे, सगळ्यांवर चार महिन्यांचे शेवाळ आणि काळे ओघळ बसलेले असतात. पंप घ्यायला गेलेल्या माणसाची सगळी बोलणी मात्र किती बार आणि किती वॅट यावरच अडकतात. टाकीत कोणते द्रव जाणार आणि पंपाच्या आतले रबर त्याला टिकणार का, हे कुणी विचारत नाही. पंप बहुतेक वेळा मरतो तो तिथेच.

म्हणून आधी द्रवांचे पाहू. छपरावर काम करते ते सोडियम हायपोक्लोराइट, बाजारातले ‘हायपो’. ते साधारण 10 ते 12 टक्क्यांचे मिळते. उन्हात ठेवलेला कॅन महिनाभरात बराच उतरतो, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये जुना साठा घेऊ नये. लाकडावर हायपो नकोच. ते लाकडाचे बंध तोडते, पृष्ठभागावर पांढरी फूस उठते आणि आतले लोखंडी खिळे गंजतात. लाकडाला सोडियम परकार्बोनेट, त्यानंतर ऑक्झॅलिक आम्ल, जुना थर काढायचा असेल तर कॉस्टिक सोड्याचा स्ट्रिपर आणि शेवटी तेल किंवा टर्पेंटाइनमधले सीलर, म्हणजे लाकूड झाकणारा संरक्षक थर, लागतो.

आता रबर. शेतीच्या साध्या पंपात बहुधा नायट्राइल रबराचे वायसर असतात. हायपोत ते मऊ पडतात, बोटाला काळे लागतात आणि मग गळती सुरू होते. व्हायटॉन आणि ईपीडीएम या रबराच्या दोन्ही जाती हायपोला चांगल्या टिकतात. पण कडक कॉस्टिकमध्ये व्हायटॉन खराब होते, तिथे ईपीडीएम हवे. उलट तेल आणि टर्पेंटाइनमध्ये ईपीडीएम फुगून बसते, तिथे व्हायटॉन हवे. 12 व्होल्टच्या पंपांचा डायफ्राम, म्हणजे द्रव ढकलणारा आतला लवचीक पडदा, बऱ्याचदा सँटोप्रीनचा असतो. ते ईपीडीएमच्याच घराण्यातले, त्यामुळे हायपोला उत्तम आणि सीलरला निरुपयोगी. थोडक्यात, ‘सगळ्याला चालतो’ असा पंप नसतो. दुकानदार ‘केमिकल प्रूफ’ म्हणाला तर कोणत्या केमिकलला, हे विचारावे.

खात्री करायची सोपी पद्धत आहे. पंपाबरोबर सुट्या वायसरचा एक संच घ्या. एक ओ-रिंग काचेच्या बाटलीत हायपोत टाका, दुसरी टर्पेंटाइनमध्ये. ईपीडीएम असेल तर टर्पेंटाइनमधली रिंग रात्रभरात डोळ्याला दिसेल इतकी फुगते आणि मूळच्या खाचेत बसत नाही. नायट्राइल असेल तर हायपोतली रिंग काही दिवसांत चिकट होते. दोन्हीकडे जशीच्या तशी राहिली आणि हाताला त्याच मापाच्या साध्या रिंगेपेक्षा जड लागली, तर व्हायटॉन समजायला हरकत नाही.

पाठीवरचा बॅटरी पंप

मार्केट यार्डाच्या परिसरात शेती अवजारांच्या दुकानांत सगळ्यात जास्त खपतो तो हा: 16 लिटरची टाकी, 12 व्होल्ट 8 अँपिअर-तासाची बॅटरी, मिनिटाला दोन ते चार लिटर प्रवाह. किंमत साधारण दोन ते चार हजार. जमिनीवरून पोचेल अशी भिंत, कुंपण, डेक, पर्गोला यासाठी हा पंप पैसे वसूल करून देतो. आस्पीसारख्या जुन्या कंपनीचा घेतला तर वायसर, नळी, लान्स (फवारणीची दांडी) सुटे मिळतात. बिनानावाच्या पंपाचा स्विच गेला तर अख्खा पंप भंगारात जातो.

उतरत्या छपरावर मात्र हा पंप पाठीवर घेऊन चढू नये. भरलेली टाकी आणि यंत्र मिळून वीस-बावीस किलो होतात, आतले पाणी हिंदकळते आणि ओल्या शेवाळावर तोल जायला तेवढे पुरते. शिवाय टाकीचे झाकण गळले की हायपो सरळ पाठीवर. हिशेबही जुळत नाही. कौलांना 100 चौरस फुटाला तीन ते चार लिटर मिश्रण लागते. 1,500 चौरस फुटांच्या छपराला 45 ते 60 लिटर, म्हणजे तीन-चार वेळा खाली उतरून भरणे आले.

पितळी लान्स आणि पितळी नोझल बदलून पॉलिप्रॉपिलीनचे लावावे. अॅसिटलचे नोझलही प्लास्टिकचेच म्हणून फसू नका, हायपोत ते ठिसूळ होऊन तडकते.

हाताने हवा भरायचा 5 किंवा 8 लिटरचा पंप दरवाजे, खिडक्या, झोपाळ्याच्या कड्यांभोवतीचे बारीक काम याला छान. एक धोका तेवढा लक्षात ठेवावा. परकार्बोनेट पाण्यात विरघळल्यावर प्राणवायू सोडत राहते. बंद टाकीत उरलेले मिश्रण ठेवून जेवायला गेलात तर आतला दाब आपोआप चढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला पंप या कामाला घेऊच नये, आणि असला तरी मिश्रण लागेल तेवढेच कालवावे.

12 व्होल्टचा डायफ्राम पंप

छपराच्या कामाला आमची पसंती यालाच. शुरफ्लो, सीफ्लो, फ्लोजेट या नावांचे पंप ऑनलाइन मिळतात. त्यांच्या माहितीपत्रकात झडप आणि डायफ्राम कशाचे आहेत ते लिहिलेले असते, तेवढे वाचून मगच पैसे भरावेत. व्हायटॉनची झडप आणि सँटोप्रीनचा डायफ्राम ही जोडी हायपोला योग्य. मिनिटाला 15 ते 20 लिटर आणि 4 बार पुरे. एवढ्या दाबाला सरळ धारेचे नोझल लावले तर जागेवरून सात-आठ मीटर फेक मिळते. म्हणजे शिडीवर किंवा शेजारच्या गच्चीत उभे राहून पाखे भिजवता येते, कौलांवर पाय ठेवावा लागत नाही.

हा पंप बिघडतो तो मुख्यतः तीन कारणांनी.

पहिले, वायर. पंप पूर्ण भारावर 15 अँपिअरपर्यंत ओढतो. बॅटरी सहा मीटर लांब आणि वायर 2.5 चौरस मिलिमीटरची असेल तर जाता-येता सव्वा व्होल्टच्या आसपास विजेचा दाब वायरमध्येच जिरतो. मोटर तापते, प्रवाह पडतो आणि दोष पंपाला दिला जातो. 6 चौरस मिलिमीटरची वायर लावली तर तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. बॅटरीच्या धन टोकाजवळ 20 अँपिअरचा फ्यूज हवाच. 75 अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी निम्मी वापरायची असे धरले तर पूर्ण भारावर सलग अडीचेक तास काम निघते.

दुसरे, प्रेशर स्विचची टकटक. नोझल बारीक असले की पंप दाब गाठून बंद होतो, लगेच दाब उतरतो, पुन्हा चालू. मिनिटात पन्नास वेळा असे झाले की स्विचचे टोक जळते. नोझल मोठे घ्या, नाहीतर पंपाच्या पुढे छोटी दाबटाकी बसवा. स्पीड कंट्रोलर लावला तर उत्तमच. प्रवाह हवा तेवढा कमी करता येतो आणि झाडांच्या बाजूला फवारताना हात आखडता घेता येतो.

तिसरे, नळी, आणि इथे पुण्यात सर्रास फसगत होते. शेतीच्या दुकानात 8.5 मिलिमीटरची फवारणीची नळी स्वस्त आणि मजबूत मिळते, म्हणून तीच लावली जाते. ती 30-40 बारच्या पंपासाठी आहे. मिनिटाला 15 लिटर पाणी तिच्यातून 30 मीटर न्यायचे तर घर्षणातच जवळपास 8 बार जातात, आणि आपल्या पंपाकडे आहेत चार. परिणाम असा की प्रवाह निम्म्याच्या आसपास येतो. 12 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत हाच तोटा दीड बारच्या आसपास राहतो. वर चढवण्याचा हिशेब वेगळा: दर दहा मीटरला एक बार. दुमजली बंगल्याला पंप अंगणात ठेवण्यापेक्षा टाकीसह पहिल्या मजल्याच्या गॅलरीत नेला तर फेक लगेच सुधारते.

ट्रिगर गनमधली स्प्रिंग साधी स्टीलची असते आणि हायपोत गंजून अडकते. त्याऐवजी व्हायटॉन सीलचा पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह लावा. दिसायला गावठी, पण गंजायला त्यात काही नाही. पंपाच्या तोंडाशी 50 मेशची जाळी हवी. टँकरच्या पाण्यातली रेती झडपेत बसली की पंप फिरतो पण ओढत नाही.

एचटीपी आणि प्रेशर वॉशर

द्राक्ष-डाळिंबाच्या बागांमुळे एचटीपी, म्हणजे बागेत फवारायचा जास्त दाबाचा पिस्टन पंप, आपल्याकडे गावोगाव आहे आणि दुरुस्त करणाराही सहज भेटतो. तीन पिस्टन, 20 ते 40 बार, भरपूर पाणी. डोके पितळी असल्यामुळे हायपो यातून सोडू नये. पितळातले जस्त निघून जाते, झडपांच्या बैठका खरखरीत होतात आणि दाब टिकत नाही. पण साध्या पाण्याने खंगाळायला, रेग्युलेटर 10-15 बारवर आणून, याच्यासारखे यंत्र नाही. ड्रममधून पाणी ओढते, त्यामुळे नळाला दाब नसला तरी अडत नाही. आधीच दारात असेल तर वेगळा प्रेशर वॉशर घेण्याचे कारण उरत नाही.

घरगुती प्रेशर वॉशर, म्हणजे कार्शर के2 किंवा बॉश अॅक्वाटॅक या वर्गातले, साधारण 100 ते 130 बारचे असतात. फरशी आणि गाडीसाठी चांगले. छपरावर यांना जागा नाही. मंगलोरी कौले एकमेकांवर चढलेली असतात. वळचणीकडून आढ्याकडे धार मारली की पाणी सांध्यातून आत शिरून लाकडी सिलिंगवर पडते. कौलाचा भाजलेला वरचा थर उडाला की पुढच्या पावसात शेवाळ आणखी घट्ट धरते. जुन्या अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यावर तर प्रेशर वॉशर लावणे हा शुद्ध अविचार, कारण धारेबरोबर तंतू सुटतात.

यांच्या साबणाच्या नळीतून हायपो ओढून छपरावर मारता येईल का? पंपानंतर द्रव मिसळणाऱ्या इंजेक्टरमध्ये ते साधारण दहापट ते वीसपट पातळ होते. 10 टक्क्यांचे हायपो भिंतीवर पोचते ते अर्ध्या ते एक टक्क्याचे. रंगवलेल्या भिंतीच्या हिरव्या थराला पुरे, कौलांवरच्या काळ्या डागांना नाही.

लाकडावर मशीन वापरायचेच असेल तर 40 अंशांचे पांढरे नोझल, किमान 30 सेंटिमीटर अंतर, धार रेषांच्या दिशेने आणि दाब कमी. सागवान जरा सोसते. पाइन किंवा जुने, उन्हाने वाळलेले लाकूड असेल तर 35-40 बारच्या पुढे जाऊ नये, रेषा उचलल्या जातात आणि मग सगळे घासत बसावे लागते. लाल, शून्य अंशाचे नोझल पेटीतच राहू द्यावे.

प्रत्यक्ष काम

छपराला एक भाग हायपो आणि दोन भाग पाणी, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. थोडे साबणी द्रव घातले की मिश्रण उतारावर धरून राहते. फवारणी सकाळी लवकर, आढ्याकडून वळचणीकडे. पंधरा-वीस मिनिटे ओले राहिले पाहिजे. वाळू लागले तर हलका हात पुन्हा फिरवावा. काळे आणि हिरवे लगेच फिके पडते. दगडफूल एका फवारणीत निघत नाही, ते मरते आणि नंतरच्या पावसांत गळते, त्याला खरवडू नये.

त्याआधी पन्हाळीचा पाइप पर्जन्यसंचयनाच्या टाकीपासून सोडवून घ्यावा, नाहीतर हायपो सरळ टाकीत किंवा बोअरमध्ये. बऱ्याच सोसायट्यांत हे विसरले जाते. खालची झाडे आधी भरपूर भिजवावी, नंतरही. सोलर पॅनेलच्या अॅल्युमिनियमच्या चौकटी प्लास्टिकने झाकाव्या. गॉगल, रबरी हातमोजे आणि उंचीवर आयएस 3521 चा हार्नेस, मजबूत आधाराला बांधलेला. पन्हाळीला नव्हे.

लाकडाला परकार्बोनेट लिटरला 50-60 ग्रॅम, कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून आणि गाळून, नाहीतर उरलेले खडे नोझल तुंबवतात. पंधरा मिनिटे ओले ठेवून नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासावे आणि धुवावे. सागवान त्यानंतर काळपट दिसते, घाबरू नये. ऑक्झॅलिक आम्ल लिटरला 30-40 ग्रॅम मारले की रंग परत येतो आणि खिळ्यांभोवतीचे काळे डागही जातात. सीलर लाकडातली ओल 15 टक्क्यांखाली आल्यावरच. ऑक्टोबरच्या उन्हात ते काही दिवसांत जमते, ऑगस्टच्या उघडिपीत नाही.

हायपोचा पंप आणि ऑक्झॅलिकचा पंप कधीच एक नसावा. नळीत राहिलेले हायपो आम्लाला भेटले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो टाकीत डोकावणाऱ्याच्या तोंडावर येतो. हायपोच्या टाकीला आणि लान्सला लाल टेप गुंडाळून ठेवावी, कामगार बदलले तरी गोंधळ होत नाही.

दोन्ही कामे घेणाऱ्याने खरेदी करावी ती अशी: हायपोसाठी 12 व्होल्टचा पंप आणि 12 मिलिमीटरची 30 मीटर नळी, लाकडाच्या परकार्बोनेट आणि आम्लासाठी एक बॅटरी पंप, सीलरसाठी व्हायटॉन वायसरचा, हाताने हवा भरायचा छोटा पंप. स्ट्रिपरचे काम क्वचित निघते, ते ब्रशने करावे. खंगाळायला एचटीपी, नसेल तर भाड्याने. पंपाबरोबर डायफ्रामचा एक संच, झडपांचा एक संच आणि सुटा प्रेशर स्विच त्याच दिवशी घ्यावा. ऑनलाइन पंपाचे सुटे भाग पुण्यात काउंटरवर मिळतीलच असे नाही, आणि हंगामात पंप आठवडाभर बंद राहणे परवडत नाही. संध्याकाळी हायपोच्या पंपातून साधे पाणी दोन टाक्या भरून सोडावे आणि उरलेले मिश्रण टाकीत रात्रभर ठेवू नये.